पाणी पिऊन बसलेले सर

नगरच्या त्या हॉस्पिटलात मी रुजू झाले, त्या दिवशी मी सरांना पेशंट समजले. तळघरात रेडिएशन विभागाच्या बाहेर एक लांब लाकडी बाक होता. त्यावर चार बायका, दोन म्हातारे आणि त्यांच्यामध्ये हे. पँटीबाहेर सोडलेला चौकडीचा शर्ट, पायात रबरी चपला, हातात पितळी तांब्या. मी मुंबईला शिकून आलेली, रेडिएशनचं मोजमाप ठरवणारी नवी कोरी फिजिसिस्ट. गळ्यातल्या ओळखपत्राची मला अजून सवय व्हायची होती. मी अधिकाराने विचारलं, "काका, तुमची फाइल?"

"नाही बुवा," ते म्हणाले.

"फाइलशिवाय आत कसं घेणार तुम्हाला? जा, वर काउंटरवरून घेऊन या."

ते खरोखर उठले आणि वर गेले. दहा मिनिटांनी काउंटरवरची बाई त्यांच्यामागे धावत खाली आली आणि माझ्या कानात म्हणाली, "अहो, ते तुमच्या विभागाचे प्रमुख आहेत." मी इतकी ओशाळले की दोन दिवस त्यांच्याकडे नीट बघितलंसुद्धा नाही. सरांना त्याचं काहीच वाटलं नव्हतं. पुढे विभागात कोणीही नवा माणूस आला, की ते माझी ओळख करून देत, "या मॅडम. यांच्याकडे फाइलशिवाय प्रवेश नाही." हे त्यांनी निवृत्त होईपर्यंत चालवलं.

पाण्याचं प्रकरण असं होतं. आमच्याकडे रेडिएशनला कोणी रेडिएशन म्हणत नाही, शेक म्हणतात. ओटीपोटाला शेक घ्यायचा असेल तर पाणी पिऊन लघवी धरून ठेवावी लागते. मूत्राशय भरलं की ते वरच्या आतड्यांना उचलून धरतं आणि आतडी शेकाच्या वाटेतून बाजूला राहतात. पहिल्या दिवशी सीटी काढताना जेवढं भरलेलं असेल, तेवढंच मग रोज भरलेलं हवं. हे सगळीकडे असंच करतात. सर मात्र पेशंटबरोबर स्वतःही तांब्याभर पाणी पीत आणि त्यांच्याबरोबर बाकावर धरून बसत. "माझं भरलं म्हणजे यांचं भरलं," असं त्यांचं शास्त्र होतं.

एकदा मला राहवलं नाही. "सर, तुमचं मूत्राशय हे काही उपकरण नाही."

"आहे की," ते म्हणाले. "फक्त रोज सकाळी कॅलिब्रेट करावं लागतं."

साठीला टेकलेला, सकाळ-संध्याकाळ मधुमेहाची गोळी घेणारा माणूस हा. हा शुद्ध वेडेपणा आहे हे ते स्वतःच कबूल करत. पण पुढे म्हणत, "मी बसलो की बाकीचे बसतात." आणि ते मात्र खरं होतं. साहेबच मांडीवर मांडी घालून, ओठ आवळून समोर बसलेला असताना उठून जायची कोणाची हिंमत होत नसे.

सर मूळचे इथल्याच, नगर जिल्ह्यातल्या बेलापूरचे. वडील मोजणी खात्यात होते. भावाभावांची बांधावरून भांडणं लागली, की वडील नकाशा पिशवीतच ठेवून आधी बांधावर जाऊन उभे राहत, असं सर अभिमानाने सांगत. त्यांची सगळी भाषाच तिथून आलेली. आमच्या कामात सीटीच्या एकेका कापावर, म्हणजे पोटाच्या एकेका आडव्या चित्रावर, प्रत्येक अवयवाच्या कडेने रेघ मारावी लागते. इथे मूत्राशय संपलं, इथे गुदाशय सुरू झालं, ही मांडीच्या हाडांची डोकी, ही आतडी. असे एका पेशंटचे शे-दीडशे काप. त्या रेघांवरून मग शेक कुठे पडावा आणि कुठे पडू नये हे ठरतं. या रेघांना सर बांध म्हणत आणि अवयवांना शेजारी. रेघ मारताना श्वास रोखून धरत आणि रेघेची दोन टोकं जुळली की सोडत आणि म्हणत, "मिटला बांध." माझी रेघ चुकून शेजारच्या अवयवात शिरली तर खुर्ची फिरवून माझ्याकडे बघत. "बांध कोरलास." गावाकडचं कोणी असेल त्याला कळेल की शेजाऱ्याची जमीन खाल्ल्याचा हा किती मोठा आरोप आहे.

मग ते सॉफ्टवेअर आलं. या रेघा आपोआप मारणारं. सीटी त्याच्यात टाकायचा, चहा पिऊन यायचं, तोवर पिवळं मूत्राशय, तपकिरी गुदाशय, हिरवी हाडं, सगळं रंगवून तयार. सगळ्यांना वाटलं, एवढा जुना माणूस, आयुष्यभर हाताने रेघा मारलेला, आता नाक मुरडणार. उलट हे सॉफ्टवेअर घ्या म्हणून ट्रस्टींना कित्येक महिने पत्रं लिहिणारे सरच होते. पत्रं हाताने लिहिलेली, मराठीत, आणि प्रत्येकाच्या शेवटी 'पेशंट थांबून राहतात' हे एकच वाक्य अधोरेखित केलेलं.

ते दाखवायला कंपनीचा इंजिनिअर पुण्याहून आला. सरांनी त्याला चहा दिला, बेलापूरच्या भाजलेल्या शेंगा दिल्या आणि विचारलं, "हे कुठं कुठं चुकतं?"

"सर, हे खूप अचूक आहे."

"ते झालंच. चुकतं कुठं ते सांगा. म्हणजे आम्ही तिथं जाऊन उभं राहू."

त्या बिचाऱ्याला असा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता. तो लॅपटॉपमध्ये बराच वेळ काहीतरी शोधत राहिला.

तो गेल्यावर सरांनी आणखी एक उद्योग केला. त्यांनी स्वतः पूर्वी हाताने रेघा मारलेले जुने सीटी बाहेर काढले आणि ते एकेक करून सॉफ्टवेअरला दिले. मग त्याच्या रेघा आणि आपल्या रेघा एकावर एक ठेवून बघत बसले. मला वाटलं, हा माणूस मशीनच्या चुका शोधतोय. तीन-चार दिवसांनी भर मीटिंगमध्ये ते उभे राहिले आणि आनंदाने म्हणाले, "मांडीच्या हाडाचं डोकं मी इतकी वर्षं एक काप आधीच संपवत होतो. याच्यामुळे कळलं." स्वतःची चूक एवढ्या हौसेने सांगणारा माणूस मी तोवर बघितला नव्हता. सॉफ्टवेअर कुठे चुकतं तेही त्यांनी शोधलं होतं. गुदाशय जिथे वळून मोठ्या आतड्याला मिळतं तिथे ते गोंधळायचं, आणि कोणाच्या खुब्यात धातूचा सांधा बसवलेला असला की त्याला काही सुधरायचंच नाही. तिथली प्रत्येक रेघ माणसाने बघितल्याशिवाय पुढे जायची नाही, असा नियम झाला. बघायचं काम माझ्याकडे आलं.

या स्वभावाचा त्रासही व्हायचा. स्वतःच्या चुका चारचौघांत सांगायची सवय असल्यामुळे ते दुसऱ्यांच्याही तितक्याच मोकळेपणी सांगत, आणि समोरच्याला घाम फुटलाय हे त्यांच्या गावीही नसे. फोन उचलत नसत. कधीही कुठल्या परिषदेत गेले नाहीत, एक ओळ कुठे छापली नाही. एवढं सगळं त्यांना कळलेलं त्यांच्याबरोबर बेलापूरला निघून गेलं, याचा मला आजही राग येतो.

सॉफ्टवेअरमुळे दिवसाचे दोन-तीन तास वाचायला लागले. ते सरांनी बाकावर घालवायला सुरुवात केली. आधी पेशंटबरोबर पाणी पिऊन अर्धा-पाऊण तास बसत, ते आता अख्खी सकाळ बसू लागले. काय करत? काही नाही. कोण कुठल्या गाडीने आलं, राहुरीला पाऊस झाला का, कोणाच्या म्हशीला काय झालं. आत मी एकटी रेघा तपासतेय आणि बाहेरून हसण्याचे आवाज येतायत. मला संताप यायचा. एकदा ट्रस्टचे मॅनेजरच खाली आले. म्हणाले, "सर, एवढं सॉफ्टवेअर घेऊन दिलं, आणि तुम्ही बसून राहता?"

"मग? बसायला मिळावं म्हणूनच तर मागितलं होतं," सर म्हणाले.

मॅनेजर वर निघून गेले. मी मनातून मॅनेजरच्या बाजूला होते.

मग ती पाथर्डीकडची बाई आली.

पंचेचाळिशीची असेल. काटक, उन्हाने रापलेली, कपाळावर मोठं गोंदण. नवरा-बायको दरवर्षी दसरा झाला की टोळीबरोबर ऊस तोडायला जायचे. तिला गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर होता. गर्भपिशवी काढण्याचं ऑपरेशन झालं होतं आणि आता पंचवीस शेक द्यायचे होते. पिशवी काढलेल्या बाईचं एक असतं. मधली जागा रिकामी झालेली असते आणि त्या रिकाम्या जागेत आतडी खाली उतरतात. म्हणून तिचं मूत्राशय भरलेलं असणं इतरांपेक्षा जास्त गरजेचं होतं. पहिल्या दिवशीचा तिचा सीटी बघून मी खूश झाले होते. मूत्राशय टम्म भरलेलं, आतडी छान वर. सॉफ्टवेअरने रेघ मारली, मी एकेक काप तपासला, कुठे बोट ठेवायला जागा नव्हती.

रोज शेक देण्याआधी मशीन एक छोटा सीटी काढतं आणि त्यावरही सॉफ्टवेअर रेघा मारतं. तिच्या दुसऱ्या दिवशीच्या सीटीवर त्याने मूत्राशय लिंबाएवढं दाखवलं. मी म्हटलं, हा सीटी जरा धूसर असतो, सॉफ्टवेअरचं चुकलं असणार. बाई तर सगळ्यांसमोर बाकावर बसून तांब्याभर पाणी प्याली होती. मी शेक द्यायला सांगितलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच, आणि मी पुन्हा ते सॉफ्टवेअरच्या माथी मारलं. चौथ्या दिवशी त्याच्या रेघा लपवून मी नुसतं चित्र बघितलं. मूत्राशय खरोखरच रिकामं होतं. आतडी खाली आली होती. दोन दिवस मी त्या आतड्यांवर शेक जाऊ दिला होता. सॉफ्टवेअर बरोबर होतं, मी चूक होते.

ते मी सरांना सांगितलं. लपवलं नाही, एवढंच माझ्या बाजूने म्हणता येईल. सर म्हणाले, "दोनच झालेत. सावरता येईल. आता असं का होतंय ते शोध."

मी शोधलं ते असं, की बाईला टेबलावरून उतरवलं, पुन्हा बाकावर बसवलं आणि फैलावर घेतलं. "मावशी, तुम्ही पाणी पीत नाही."

"पेते की बाई. तुमच्याम्होरंच पेते."

"मग कुठं जातं ते?"

तिने रिकामा तांब्या उचलला आणि पुन्हा भरायला गेली. पुढचे चार-पाच दिवस हाच कार्यक्रम. पहिल्यांदा आत गेली की मूत्राशय रिकामं, मग पुन्हा पाणी, पुन्हा तासभर बसणं, तोवर तिची दुपारची एसटी निघून गेलेली. संध्याकाळच्या गाडीने पाथर्डी, तिथून जीप मिळाली तर गाव. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर सगळं प्लॅनिंग नव्याने करावं लागेल, आणि आतड्यांना जास्त लागणार ते लागणारच. मी तिच्या कागदावर लिहून टाकलं, 'रुग्ण सूचना पाळत नाही.' आणि एक दिवस ती बाकावरच्या दुसऱ्या बाईला म्हणताना मी ऐकलं, "उद्यापसून न्हाई यायची म्या. रोज वरडत्यात. काय चुकतंय तेबी सांगत न्हाईत." तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. ही मध्येच सोडून गेली, तर तो आजार परत येईल आणि ते माझ्या ओरडण्यामुळे झालेलं असेल.

दुसऱ्या दिवशी ती आली. आणि त्याच दिवशी सरांचं कॅलिब्रेशन फसलं. सकाळी मीटिंगमध्ये त्यांचे दोन चहा झाले होते, वर तांब्याभर पाणी. वीस मिनिटांतच त्यांना बाकावरून उठावं लागलं. परत आले ते थेट माझ्या दारात. "चल जरा."

कॉरिडॉरच्या टोकाला, बायकांच्या स्वच्छतागृहाबाहेर नळ होता. ती तिथे लुगडं थोडं वर खोचून पाय धूत होती. पाय झाले, मग हात, मग चूळ भरली, ओला हात केसांवरून फिरवला.

"ताई, तुमचा नंबर आलाय ना आता?" सरांनी विचारलं.

"व्हय दादा. आलेच. हातपाय धुते आन् येते."

सरांनी पुढे काहीतरी विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं. माझ्याकडे बघून भुवया उडवल्या, पाठ फिरवली आणि भिंतीवरच्या आग विझवायच्या नळकांड्यावरची सूचना वाचायला लागले. मी काय ते समजले.

"मावशी, आत्ता लघवीला जाऊन आलात?"

"व्हय मंग." तिला माझ्या प्रश्नाचंच नवल वाटलं. "तसंच कसं जावं, बाई? एवढी मोठी मशीन, माज्या जीवासाटी फिरती ती. देवाम्होरं जाताना मोकळं हून, हातपाय धुऊनच जातो का न्हाई आपन?"

"पण मी धरून ठेवा म्हणाले होते ना?"

"धरली की. दारापत्तुर धरली."

"रोज?"

"रोज. येक दिस चुकले न्हाई." मग तिने आवाज खाली आणला. "पैल्या दिशी तेवढी चूक झाली. त्या फोटूच्या दिशी. टाकी धुवाया काडली हुती, नळाला पानीच न्हवतं. आन् नावाचा पुकारा झाला. मंग तशीच जाऊन निजले त्याच्यावं. लई वंगाळ वाटलं बगा. म्हनलं, त्याचंच हे समदं व्हतंय, म्हनून तुमी रोज वरडता."

आमच्या कागदांत जो एकच दिवस बिनचूक होता, तो तिला स्वतःचा गुन्हा वाटत होता, आणि तो फेडायला ती रोज न चुकता मोकळी होऊन, हातपाय धुऊन आत येत होती. आणि मी तिच्यावर ओरडत होते. मला त्या क्षणी रडू आलं, ते मी नळावर तोंड धुऊन लपवलं.

सर एवढंच म्हणाले, "माझ्या डोळ्यांदेखत बाकावरून उठून जात होती. बाईमाणूस उठली की आपण दुसरीकडे बघतो. तिथंच राहिलं ते." आणि पुढच्या मीटिंगमध्ये त्यांनी हे जसंच्या तसं, स्वतःची चूक म्हणून सांगितलं. माझं नाव त्या दिवशी तेवढं घेतलं नाही. त्यांच्या स्वभावाच्या मानाने ही फार मोठी गोष्ट होती.

पण ते नंतर. त्याआधी नळावरूनच ते तिला प्लॅनिंगच्या खोलीत घेऊन आले आणि माझ्या खुर्चीत बसवलं. पडद्यावर शेजारी शेजारी दोन चित्रं लावली, पहिल्या दिवसाचं आणि कालचं.

"ही तुमची लघवीची पिशवी. पिवळी रेघ आहे ना, ती. पहिल्या दिवशी एवढी. काल एवढीशी. आणि ही आतडी. गर्भपिशवी काढल्याची जागा रिकामी आहे, तिथं ती उतरतात बघा. इथंच शेक पडतो. पण ही पिशवी भरलेली असली, की ती आतड्यांना वर धरून ठेवते."

तिने बराच वेळ दोन्ही चित्रं निरखली. आपल्याच पोटात बघताना माणूस बिचकतो, ती बिचकली नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मंजी माजं मूतच माज्या आतड्याला वाचवतंय व्हय?"

सरांनी चष्मा काढला. "ताई, इतकं सरळ करून सांगणं मला एवढ्या वर्षांत जमलं नाही."

"आन् मशीनला चालतंय? तसंच गेलेलं?"

सरांनी विचार केला. 'असलं काही नसतं' म्हणून झटकून टाकणारे डॉक्टर मी पुष्कळ पाहिलेत. सर म्हणाले, "असं करा. आल्या आल्या जाऊन या. हातपाय धुवा. मग पाणी प्या आणि बसा. मग नंबर येईपर्यंत उठायचं नाही. म्हणजे धुऊनच आत गेल्यासारखं झालं."

हे तिला पटलं. दुसऱ्या दिवशी तिच्या चित्रावर सॉफ्टवेअरने पिवळी रेघ मारली ती पहिल्या दिवसासारखी, टम्म. मी ती तीनदा तपासली. तिच्या कागदावरचं माझं वाक्य खोडलं आणि खाली लिहिलं, 'सूचना नीट दिली नव्हती.'

पुढे बाईने बाकाचा ताबाच घेतला. नव्या आलेल्या बायकांना नळ दाखवायचा, तांब्या भरून द्यायचा, आणि कोणी उठायला लागली की पदर धरून खाली बसवायचं. "बस गं. आतडी खाली येत्याल." अशा बाया आणखीही निघाल्या, मोकळं होऊनच आत जाणाऱ्या. त्या कधीपासून येत होत्या आणि आम्हाला कळलंच नव्हतं. सर आता तिच्या हाताखाली बसत. ती त्यांच्या तांब्यात किती पाणी आहे तेही वाकून बघायची.

दसरा झाला. तिचे वीस शेक झाले होते, पाच राहिले होते. आणि एक दिवस सकाळी दहाच्या सुमाराला तिचा नवरा आला. उंच, वाळलेला माणूस, डोक्यावर टोपी, खांद्याला कापडी पिशवी. बाकावर बायकोशेजारी तो बसला नाही. उभ्यानेच सरांना म्हणाला, "सायेब, बाईला न्यायाला आलोय. उद्या टोळीचा ट्रक हाय. आता बरी हाय ती."

ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. ती गेली नाही तर तो अर्धाच, आणि अर्ध्या कोयत्याला टोळीत कोणी उभं करत नाही, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

"आत या," सर म्हणाले. त्यांनी त्याला खुर्ची दिली, पडद्यावर तिचं चित्र लावलं, आणि मग स्वतः कोपऱ्यातल्या स्टुलावर जाऊन बसले. मला म्हणाले, "तू सांग."

मला कळेना. अशा वेळी बोलायचं काम नेहमी त्यांचं. मी त्यांच्याकडे बघितलं तर ते छताकडे बघत होते, गुडघे एकमेकांना घट्ट लावून. त्यांचं पाणी पिऊन अर्धा तास होऊन गेला होता.

मी सांगायला लागले. त्याने मला मध्येच थांबवलं. "ऑप्रेशन झालं. डाक्टर म्हनले, समदं काडलं. मंग ह्यो शेक कशापायी?"

मी लाल रेघेवर बोट ठेवलं. "या रेघेच्या आतल्या जागेसाठी."

"त्याच्या आत काय हाय?"

"दिसत तर काही नाही."

"मंग जे दिसत न्हाई त्याच्याभवती रेघ कशी मारता?"

हा प्रश्न मला शिकताना कोणी विचारला नव्हता आणि मीही विचारला नव्हता. पिवळी, तपकिरी, हिरवी रेघ सॉफ्टवेअर मारतं, कारण ते अवयव दिसतात. लाल रेघ डॉक्टर हाताने मारतात. तिथे बघण्यासारखं काही नसतं, आजार कुठे लपून राहू शकतो एवढं माहीत असतं. मी पुन्हा सरांकडे पाहिलं. ते छतच बघत होते.

"दिसत होतं ते काढलं," मी म्हटलं. "पण डोळ्यांना न दिसणारं बारीक काहीतरी तिथं राहिलेलं असू शकतं. ते पुन्हा वाढतं."

"असू शकतं, का हाय?"

"माहीत नाही, काका."

पेशंटच्या माणसाला 'माहीत नाही' असं मी आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं. मला वाटलं, संपलं, आता हा उठणार.

"पाच सोडले तर?"

"तर आधीचे वीस पुरते कामाला येणार नाहीत."

तो माझ्याकडे वळला. "तुमची आई आसती तर ठिवली आसती?"

"ठेवली असती." या वेळी मी सरांकडे बघितलं नाही.

तो पुन्हा पडद्याकडे वळला आणि लाल रेघेवरून बोट फिरवत गेला, अगदी खालपर्यंत. "मंजी बुडक्यापसून तोडाया लागतंय," तो स्वतःशीच म्हणाला. "वरवर तोडून न्हाई भागत." टोपी काढली, परत घातली. "म्या म्होरं जातो. मुकादमाचं काय ते बगतो. ती मागनं येईल. पर ऊस न्हाई तोडायची, भाकरी करंल."

तो उठला. त्याच्यामागे मी, माझ्यामागे सर, असे आम्ही दारापर्यंत आलो. ती बाकावर होती तशीच बसून होती, हात मांडीवर, नजर समोर. तो तिच्यापुढे जाऊन उभा राहिला. मग त्याने बाकाखालचा तांब्या उचलून तिच्यापुढे धरला.

"पानी पी," तो म्हणाला.

"कव्हाच पेले म्या," ती म्हणाली. "तुमी यायच्या आदीच." आणि मग त्याच्या खांद्यावरून मागे सरांकडे बघून, "दादा, तुमी जाऊन या आता."